खंबाटकी उतरेपर्यंत मॅचचा विषय नको : साताऱ्यात लहान टेनिस खेळाडू घडवताना

पुण्याहून स्पर्धा खेळून साताऱ्याला परतताना कात्रजचा नवा बोगदा मागे पडला आणि मी बोलायला सुरुवात केली. मागच्या सीटवर माझी अकरा वर्षांची मुलगी होती. दुसऱ्या सेटमध्ये ५-३ ने पुढे असताना तिने मॅच घालवली होती. सर्व्हिस करताना चेंडू मागे उडवत होतीस, बॅकहँडला पाय हलत नव्हते, ४०-१५ ला ड्रॉप शॉट कशाला मारलास... आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत मी थांबले नाही. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता, म्हणून मला थांबावंसंही वाटलं नाही. तिने मात्र तोंडातून शब्द काढला नाही. पुढचे तीन महिने प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

मी चौदा वर्षं साताऱ्यात मुलांना टेनिस शिकवते आहे. ग्रिप, पाय, खांदा यातलं बिघडलेलं बरंच काही दुरुस्त होतं. हरल्यावर घरच्यांची नजर कशी बदलते, हे ज्या मुलाने एकदा पाहिलं, त्याला पुन्हा मोकळेपणाने खेळतं करायला फार वेळ लागतो. म्हणून खाली सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहिते आहे, पण माझा भर कुठे आहे ते आधीच सांगून ठेवते : चौदाव्या वर्षापर्यंत मुलाचा स्कोअर मोजू नका. एक पॉइंट गेल्यावर तो पुढच्या पॉइंटला कसा उभा राहतो, ते मोजा.

रॅकेटच्या आधी

पाच वर्षांच्या मुलाला घेऊन पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "ताई, रॅकेट कुठली घेऊ?" मी त्यांना एक जुना चेंडू देते आणि म्हणते, त्याला हा माझ्याकडे फेकायला सांगा. बहुतेक मुलं चेंडू खालून ढकलतात. डोक्यावरून, उलटा पाय पुढे टाकून, कंबर फिरवून फेकणं त्यांना येतच नाही. टेनिसची सर्व्हिस म्हणजे हीच फेक, फक्त हातात रॅकेट आलेली. ज्याला फेकता येत नाही, त्याच्या सर्व्हिसवर पुढे पाच वर्षं डोकं फोडावं लागतं.

तेव्हा पहिले सहा महिने घरी एवढं करा. रोज दहा मिनिटं लगोरी, म्हणजे नेम धरून फेकायची सवय. भिंतीवर चेंडू मारून एका टप्प्यात झेलायचा, आधी दोन्ही हातांनी, मग एकेका हाताने. एका पायावर लंगडी. शाळेत खो-खो असेल तर जरूर घाला. खांबाला वळसा घालताना शरीर खाली ठेवून दिशा बदलावी लागते, आणि बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, कोपऱ्यातून परत मध्ये येताना नेमकं तेच लागतं. पोहणंही चांगलं. दहा-अकरा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपण्याची घाई नको.

शेजारच्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. पुढे १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचा मुलगा गौरव नाटेकर टेनिसमध्ये राष्ट्रीय विजेता झाला. लहानपणी एका खेळात कमावलेले हात-पाय-डोळे दुसऱ्या खेळात वाया जात नाहीत.

साताऱ्यापुरती एक गोष्ट. आपलं गाव पळणाऱ्यांचं आहे, हाफ मॅरेथॉनमुळे तर जास्तच. त्यामुळे 'स्टॅमिना' वाढावा म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला रोज अजिंक्यताऱ्यावर पळवत नेणारे बाबा मला दर वर्षी भेटतात. टेनिसमधला बहुतेक पॉइंट दहा सेकंदांच्या आत संपतो. त्याला लागतात पाच-सात मीटरच्या झटक्याच्या धावा, थांबणं आणि पुन्हा सुटणं. किल्ल्यावर रविवारी सगळ्यांनी मिळून चालत जा, वर बसून डबा खा. रोज उतारावरून धडाधड पळत खाली येणं मात्र वाढत्या गुडघ्यांना आणि टाचांना चांगलं नाही.

चेंडूचा रंग आणि कोर्टचा आकार

पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं. एकेरीसाठी रुंदी ८.२३ मीटर. त्यावर सव्वा मीटर उंचीचं मूल उभं केलं आणि पिवळा चेंडू दिला, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून उसळतो. मग ते मूल रॅकेट पकडायची एक विचित्र, उलटी पद्धत शोधून काढतं आणि ती पुढे सुटत नाही. यासाठीच आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला.

क्रम असा. साधारण पाच ते आठ वर्षं लाल चेंडू. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो, कोर्ट अंदाजे ११ मीटर लांब, जाळी ८० सेंटिमीटर. आठ ते दहा नारिंगी चेंडू, ५० टक्के मंद, कोर्ट १८ मीटर. त्यानंतर हिरवा ठिपका असलेला चेंडू, २५ टक्के मंद, कोर्ट पूर्ण. मग पिवळा.

लाल चेंडूसाठी टेनिस कोर्ट लागतच नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आखलेलं बॅडमिंटन कोर्ट पुरेसं होतं. ते १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं, मागून थोडं कमी करून खडूने रेघ मारा. जाळी नसेल तर दोन खुर्च्यांना दोरी बांधून तिच्यावर जुनी ओढणी टाका. माझ्याकडची दोन चांगली मुलं गोडोलीतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये दीड वर्ष खेळूनच तयार झाली.

पुढच्या रंगाकडे कधी जायचं? वयापेक्षा रॅली बघा. समोरच्या मुलासोबत सलग वीस फटके जाळीवरून जात असतील, सर्व्हिस डोक्यावरून होत असेल आणि मूल स्वतः स्कोअर मोजत असेल, तर पुढे जा. पालकांना पिवळ्या चेंडूची घाई असते, कारण बाकीचे 'मोठ्या चेंडूवर' गेलेले दिसतात. या घाईने माझ्याकडचे कितीतरी बॅकहँड बिघडले आहेत.

रॅकेट उंचीवरून घ्यायची. साधारण ११० सेंटिमीटरपर्यंत २१ इंची, १२५ पर्यंत २३ इंची, १४० पर्यंत २५ इंची, मग २६, आणि दीड मीटरच्या आसपास पूर्ण २७ इंची. दुकानात एक सोपी परीक्षा करा : मुलाला सरळ उभं करा, हात बाजूला सैल सोडायला सांगा. रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकायला हवं. ते जमिनीवर घासत असेल तर रॅकेट मोठी आहे. 'पुढच्या वर्षी पण चालेल' हा हिशेब गणवेशाला ठीक, रॅकेटला नाही.

शिकवणारा निवडताना

कोर्टचा पत्ता आणि फी विचारण्याआधी एक तास बाहेर बसून बघा. हातात घड्याळ ठेवा आणि एकाच मुलावर लक्ष ठेवून त्याला तासाभरात किती चेंडू मारायला मिळतात ते मोजा. दहा मुलांची रांग, समोर टोपली घेऊन उभे सर, प्रत्येकाने दोन फटके मारायचे आणि रांगेच्या शेवटी जायचं, असं चित्र असेल तर मूल तासातला बराचसा वेळ उभंच असतं. त्याऐवजी जोड्या लावून मुलं एकमेकांशी खेळत असतील, चेंडू वेडेवाकडे जात असले तरी, तर ती जागा चांगली.

दुसरं, पहिल्या महिन्यातच सर्व्हिस, रिटर्न (समोरच्याची सर्व्हिस परत मारणं) आणि स्कोअर आहे का ते बघा. काही ठिकाणी वर्षभर फक्त फोरहँड-बॅकहँड चालतो. टेनिसचा प्रत्येक पॉइंट सर्व्हिसने सुरू होतो. ती उशिरा शिकवणं म्हणजे अक्षरओळख न करता पुस्तक हातात देणं.

तिसरं, मूल चुकल्यावर शिकवणारा काय बोलतो ते ऐका. "काय करतोयस?" आणि "चेंडू कुठे लागला रॅकेटला?" यातला फरक मुलाला लगेच कळतो.

पावसाळ्याचं आधीच विचारून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघड्या कोर्टवर भरवसा नसतो. तेव्हा भिंत, हॉलमधली शॅडो प्रॅक्टिस (चेंडूशिवाय फटक्यांचा सराव), दोरीउड्या आणि फेकण्याचे व्यायाम यांचं वेळापत्रक त्यांच्याकडे असलं पाहिजे. 'पाऊस थांबला की या' असं उत्तर मिळालं, तर मुलाचे तीन-चार महिने गेले.

आठवडा, वाढ आणि दुखणं

क्रीडावैद्यक डॉक्टर एक साधा ठोकताळा देतात : मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला शिस्तीतला सराव त्याहून जास्त तास नको. नऊ वर्षांच्या मुलाला नऊ तास ही वरची मर्यादा झाली, त्यात शाळेतला क्रीडा सरावही आला. आठवड्यातून किमान एक दिवस रॅकेटला हात लावायचा नाही. वर्षातून तुकड्या-तुकड्यांनी दोन-तीन महिने दुसरा खेळ खेळू द्या. आपला पावसाळा त्यासाठी सोयीचा आहे.

सहा-सात वर्षांच्यांना आठवड्याला दोन-तीन वेळा पाऊण तास पुरे. नऊ ते अकरा वयात चार दिवस, दीड तास, त्यातला शेवटचा अर्धा तास फक्त गेम खेळायला. बारानंतर पाच दिवस. त्यात एक दिवस मॅच, एक दिवस फक्त सर्व्हिस आणि रिटर्न. सर्व्हिस आणि रिटर्न हे दोन फटके जवळजवळ प्रत्येक पॉइंटला लागतात आणि सरावात सगळ्यांत कमी मारले जातात. रोज तीस सर्व्हिस मारा म्हटलं की मुलं कंटाळतात. म्हणून कोपऱ्यात पाण्याची रिकामी बाटली ठेवा आणि ती पाडायला लावा.

दारामागे पेन्सिलीने खूण करून दर तीन महिन्यांनी उंची मोजा. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलं तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात. त्या काळात हात-पाय लांब होतात आणि आधी सहज बसणारा फटका चुकायला लागतो. पालकांना वाटतं लक्ष उडालं, मुलाला वाटतं आपण बिघडलो. दारावरची खूण दाखवा आणि सांगा, "तू चार सेंटिमीटर वाढलास, तुझ्या हाताला अजून नवीन लांबी कळलेली नाही." हे एक वाक्य मी अनेक मुलांना सांगितलं आहे, आणि त्यांचा चेहरा सुटलेला बघितला आहे.

याच काळात हाडांची टोकं नाजूक असतात. टाच, गुडघ्याखालचं टेंगूळ, खांदा, कोपर आणि कंबर, ही पाच ठिकाणं लक्षात ठेवा. कमरेकडे खास लक्ष द्या. सर्व्हिस करताना पाठ मागे वाकते तेव्हा कंबरेत एका बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत कमी होत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात तिथे मणक्याला बारीक चीर जाऊ शकते. वेदनाशामक गोळी देऊन मॅच खेळवू नका, फायनल असली तरी.

खाण्यात फार काही नवीन नाही. मॅचच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा चपाती-भाजी. दोन मॅचमध्ये केळं, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. तळलेलं आणि गोड, त्यात आपले कंदी पेढेही आले, मॅच संपल्यावर.

दोन पॉइंटमधले पंचवीस सेकंद

२०२४ मध्ये रॉजर फेडरर यांनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक आकडा सांगितला. त्यांनी कारकिर्दीत १,५२६ एकेरी सामने खेळले आणि जवळजवळ ८० टक्के जिंकले. मग त्यांनी विचारलं, एकूण पॉइंटपैकी मी किती जिंकले असतील? उत्तर होतं ५४ टक्के.

हा आकडा मी मुलांसमोर खडूने लिहिते. शंभरातले शेहेचाळीस पॉइंट हरून हा माणूस जगात पहिला होता. मग अंडर-१२ च्या मॅचमध्ये एक फोरहँड बाहेर गेल्यावर रॅकेट जमिनीवर आपटून काय मिळवायचं? हे कळायला मुलांना अवघड जात नाही. अवघड जातं ते मॅचच्या गरमागरमीत आठवणं. त्यासाठी अंगाची सवय लागते.

दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. बाजू बदलताना ९० सेकंद. लहान मुलं हे पंचवीस सेकंद वापरतच नाहीत. चुकलं की घाईने चेंडू उचलतात आणि तशीच रागात पुढची सर्व्हिस करतात. मी त्यांना ठरलेला क्रम देते. पॉइंट संपला, जिंको किंवा हरो, जाळीकडे पाठ फिरवायची. रॅकेट दुसऱ्या हातात घ्यायची, म्हणजे मुठीतला ताण सुटतो. कोर्टमागच्या कुंपणापर्यंत चालत जायचं, एक लांब श्वास सोडायचा. मग वळून फक्त एक गोष्ट ठरवायची : सर्व्हिस कुठे मारणार, किंवा रिटर्न कुठे. शेवटी चेंडू ठरलेल्या वेळा टप्पी मारून सुरू. किती टप्पे ते ज्याने त्याने ठरवावं, पण दर वेळी तेवढेच.

हे मॅचमध्ये शिकवता येत नाही. आठवड्यातून एकदा तरी सरावात प्रत्येक गेम ०-३० ने सुरू करा, सर्व्हिस करणारा मागे. कधी फक्त दुसरी सर्व्हिस द्या. आणि मोजायचं ते गेम नव्हे, पाठ फिरवून क्रम पूर्ण किती वेळा केला ते. सुरुवातीला मुलांना हे नाटकी वाटतं. तीन-चार आठवड्यांनी मुलं एकमेकांना आठवण करून द्यायला लागतात, "पाठ फिरवली नाहीस!"

कौतुकाबद्दलही थोडं. "तू हुशारच आहेस" असं ऐकत वाढलेलं मूल हरलं की त्याला वाटतं आता आपण हुशार नाही. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा : "३०-४० ला तू घाई केली नाहीस. थांबलीस, मग सर्व्हिस केलीस." मुलाला यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतात. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शाळेच्या भाषणात एवढंच असतं. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवरच्या कुस्तीला नवखा होता. तिथून परत येऊन पुढची चार वर्षं काय केलं असेल, हा प्रश्न मी मुलांना विचारते. पदकाची गोष्ट ऐकून मुलं टाळ्या वाजवतात. सहाव्या क्रमांकाची गोष्ट ऐकली की प्रश्न विचारतात, आणि मला ते प्रश्न हवे असतात.

चेंडू आत की बाहेर

लहान वयोगटात बहुतेक कोर्टवर खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे मुलं स्वतःच ठरवतात. नियम स्पष्ट आहे : रेषेला जरा जरी लागला तरी आत, आणि शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. निर्णय लगेच आणि मोठ्याने द्यायचा.

इथे दहा वर्षांच्या मुलाची खरी परीक्षा असते, आणि कधी कधी आईवडिलांचीही. एकदा एक मुलगा मॅच जिंकून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "ताई, शेवटचा चेंडू बहुतेक आत होता." त्याचे बाबा शेजारी उभे होते, म्हणाले, "जाऊ दे, जिंकलास ना!" त्या वेळी मी बाबांना काही बोलले नाही. मुलाला इतकंच म्हटलं, "मला सांगितलंस हे बरं केलंस. पुढच्या वेळी कोर्टवर सांग." पुढच्या स्पर्धेत त्याने स्वतःचा 'आउट' मागे घेतला आणि तो गेम हरला. त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

समोरचा चुकीचे निर्णय देत असेल तर काय करायचं, हेही शिकवायला हवं. एकदा शांतपणे विचारायचं, "नक्की?" मातीचं कोर्ट असेल तर खूण दाखवायला सांगायचं. पुन्हा तसंच झालं तर खेळ थांबवून रेफ्रींना बोलवायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही, आणि बदला म्हणून स्वतः चुकीचा निर्णय द्यायचा नाही. हे घरी नाटकासारखं करून बघा, तुम्ही खोटारडा खेळाडू व्हा.

स्पर्धांची शिडी

पहिल्या स्पर्धा इथल्याच असू द्यात. आपापल्या क्लबातल्या, मग कऱ्हाड, सांगली, कोल्हापूरच्या मुलांबरोबर रविवारचे सामने. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. त्याची माहिती शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून जूनमध्येच घ्या. राज्य संघटना दहा वर्षांखालच्यांसाठीही स्पर्धा घेते. ऑल इंडिया टेनिस असोसिएशनचे गट १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालचे, त्यासाठी नोंदणी आणि जन्मदाखला लागतो. प्रवेशाची आणि नाव मागे घेण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा तेराव्या वर्षापासून खेळता येतात, त्यांच्या पातळ्या जे३० (सगळ्यांत खालची) पासून जे५०० पर्यंत. पण तो विचार घाईने करण्याचा नाही.

कुठल्या पातळीवर खेळवायचं याचा आम्हा शिकवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : दोन जिंकाव्यात, एक हरावी. सारखं मूल जिंकतच असेल तर ते वरच्या गटाचं आहे. सलग सहा-सात स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाहेर पडत असेल तर एक पायरी खाली आणा. खाली आणण्यात पालकांना कमीपणा वाटतो. मुलाला वाटत नाही, त्याला फक्त खेळायला मिळतं.

मॅच चालू असताना तुम्ही काय करायचं? वही आणि पेन घेऊन बसा. पहिली सर्व्हिस किती वेळा आत गेली, रिटर्न किती आत गेले, आणि पॉइंटनंतर पाठ किती वेळा फिरवली, तीन रकाने आखा. हात कामात असला की चेहरा शांत राहतो. मूल चुकल्यावर पहिल्यांदा कोर्टबाहेर बघतं, आईकडे किंवा बाबांकडे. कपाळाला लावलेला हात त्याला वीस मीटरवरूनही दिसतो.

परतीचा रस्ता

आता आमच्याकडे एक नियम आहे, आणि पहिल्याच बैठकीत पालकांकडून तो मी कबूल करून घेते. पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढून पलीकडे उतरेपर्यंत मॅचबद्दल एक शब्द नाही. जिंकली तरी नाही. कोर्टवरून बाहेर आल्यावर पाणी, टॉवेल, आणि "भूक लागली का?" बस. शिरवळला थांबून काहीतरी खा. गाणी लावा. झोपलं तर झोपू द्या.

घाट उतरल्यावर मूल स्वतः बोललं तर ऐका. नाही बोललं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन प्रश्न : आज काय जमलं? कुठे अडकलीस? पुढच्या आठवड्यात काय करून बघायचं? उत्तरं तिनेच द्यायची, वहीत तिनेच लिहायची. तुमचे तीन रकाने तिने मागितले तरच दाखवा. तांत्रिक चूक असेल तर ती प्रशिक्षकाला सांगा, मुलाला नको. एका चुकीबद्दल दोन माणसांकडून दोन प्रकारे ऐकलं की मूल गोंधळतं.

एका बाबांनी मला विचारलं, "अहो ताई, मग मी त्याला काहीच बोलायचं नाही?" मी म्हटलं, बोला ना. "तुला खेळताना बघायला मला आवडलं," हे बोला. दोन आठवड्यांनी ते म्हणाले की हे वाक्य तोंडातून काढायला त्यांना भुईंजपर्यंत वेळ लागला. मुलगा काही बोलला नाही, पण घरी आल्यावर त्याने पहिल्यांदाच स्वतःहून मॅच सांगितली, पॉइंटवार.

चौदाव्या वर्षाचा फाटा

आठवी-नववीत दोन प्रश्न एकदम येतात. दहावीचं काय, आणि पुण्याला हलायचं का.

दहावीसाठी खेळ पूर्ण बंद करू नका. आठवड्याला तीन दिवस, एक तास ठेवा. बंद केलेली मुलं परीक्षेनंतर क्वचितच परत येतात, आणि मोकळा झालेला तास अभ्यासात जातो असंही मी फारसं पाहिलं नाही. शालेय स्पर्धांत ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात. प्रमाणपत्रं फाइलमध्ये जपून ठेवा आणि शाळेमार्फत प्रस्ताव वेळेत पाठवा.

पुण्याला हलण्यासाठी लोक फार लवकर तयार होतात. हलण्याआधी तीन गोष्टी बघा. मूल तुम्ही न उठवता सकाळी सरावाला उठतं का? इथे त्याच्या जोडीला खेळायला खरंच कोणी उरलं नाही का, की फक्त तसं वाटतं? सलग दोन-तीन हरल्यावरही "पुढची स्पर्धा कधी आहे?" हे तो विचारतो का? तिन्हीची उत्तरं 'हो' असतील तर सुट्टीत सहा आठवडे तिथे राहून बघा आणि मगच घर हलवण्याचं बोला. २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्यातच शिकली, साताऱ्यातच तयार झाली. टेनिसचं गणित वेगळं आहे, तोडीचा प्रतिस्पर्धी रोज समोर लागतो, हे खरं. पण गाव सोडलं म्हणजे खेळाडू झाला, असा समज धरून दोन खोल्यांचं भाडं भरू नका.

माझी मुलगी पुण्याला गेली नाही. तेराव्या वर्षी तिने राज्य पातळीपर्यंत मजल मारली, सोळाव्या वर्षी स्पर्धा खेळणं थांबवलं. मला तेव्हा वाईट वाटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी पंधरा दिवस कोर्टवर उशिरा थांबायचे. आता ती रविवारी सकाळी येते, लाल चेंडूंची टोपली उचलते आणि सहा वर्षांच्या पोरांना लगोरी खेळायला घेऊन जाते.